बनशंकरीच्या वाटेवर, विजेच्या गाडीतून

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची कुलदेवता महाराष्ट्राबाहेर आहे. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात, बदामीपासून चार-पाच किलोमीटरवर चोळचगुड्ड नावाचं लहानसं गाव आहे. तिथली बनशंकरी ही अशीच एक. कुणी तिला शाकंभरी म्हणतं, कुणी वनशंकरी. घरात लग्न झालं की नव्या जोडप्याने जोडीने जाऊन तिची ओटी भरायची, ही रीत सोलापूर-सांगलीकडच्या अनेक घरांत अजून पाळली जाते.

आमच्या घरी मुलाचं लग्न फाल्गुनात झालं. सासूबाईंचं वय ब्याऐंशी, मधुमेह पंचवीस वर्षांचा. पण त्यांनी आधीच जाहीर केलं होतं, "मी येणार. नातसुनेच्या हातून ओटी भरताना मला बघायचंय. पुढच्या वर्षीचं मला सांगू नका." त्यावर कोण काय बोलणार! मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच जण सोलापूरहून निघालो. सासूबाई, आमचे हे, मी, मुलगा आणि सून. गाडी मुलाची, विजेवर चालणारी, साडेतीन वर्षांची.

सोलापूर ते बदामी हे अंतर सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. मुलाच्या गाडीची बॅटरी चाळीस युनिटची. आपल्या घरच्या मीटरवर जे युनिट मोजतात, तेच हे युनिट. एका युनिटमध्ये गाडी सहा ते सात किलोमीटर जाते, म्हणजे पूर्ण भरलेल्या बॅटरीत अडीचशेच्या आसपास. हिशेब जमत होता. तरी वाटेत विजापूरला एकदा चार्जिंग करायचं आणि तेवढ्या वेळात गोलघुमट बघायचा, असा बेत ठरला.

विजापूर ते कृष्णाकाठ

विजापूरचं अधिकृत नाव २०१४ पासून विजयपुरा झालं असलं, तरी आपल्या तोंडी विजापूरच बसलेलं आहे. सोलापूरहून शंभर किलोमीटर. सकाळी सहाला निघालेले आम्ही आठच्या सुमारास तिथे पोहोचलो. एका हॉटेलच्या आवारातल्या जलद चार्जरला गाडी लावली आणि रिक्षाने गोलघुमटाकडे गेलो.

मुहम्मद आदिलशहाची ही कबर १६५६ साली पूर्ण झाली. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर, आणि आत त्याला आधार द्यायला एकही खांब नाही. वरच्या सज्जात एका टोकाला भिंतीशी पुटपुटलेलं समोरच्या टोकाला स्पष्ट ऐकू येतं. सासूबाई खाली बागेत बसल्या. नवं जोडपं वर जाऊन काय पुटपुटलं, ते आम्ही विचारलं नाही.

पुढचा रस्ता सरळ दक्षिणेला जातो. कोल्हारजवळ कृष्णेवरचा लांबलचक पूल लागतो. अलमट्टी धरणाचं पाणी इथे समुद्रासारखं पसरलेलं दिसतं. याच पाण्यामुळे जुन्या बागलकोटचा मोठा भाग उठवावा लागला आणि नवनगर वसलं. कोल्हारचं मडक्यातलं दही प्रसिद्ध आहे. सुरीने कापावं इतकं घट्ट. ते खाऊन आम्ही बागलकोट गाठलं आणि तिथून गुळेदगुड्डची वाट धरली.

गुळेदगुड्डचा खण

गुळेदगुड्डला जायचं कारण ओटी. आपण जो 'खण' ओटीत घालतो, ज्याच्या चोळ्या आपल्या आज्या-पणज्यांनी नेसत्या इरकलीवर घातल्या, तो खण मूळचा या गावचा. इरकल म्हणजे इलकल, तेही याच बागलकोट जिल्ह्यात. लुगडं इलकलचं आणि चोळी गुळेदगुड्डची, ही जोडी महाराष्ट्रातल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या जपली. सासूबाईंचं म्हणणं असं, की देवीच्या दाराशी जाऊन दुसऱ्याच कुठल्या गावचा खण कशाला घ्यायचा?

लाल-तांबड्या खडकाच्या टेकड्यांच्या पायथ्याशी गाव वसलं आहे. गल्लीतून चालताना अजूनही काही घरांतून मागाचा खटखट आवाज येतो. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो, पाय पावड्यांवर, हात धोट्यावर. पूर्वी घरोघरी माग होते. आता कमी झाले आहेत. अलीकडे खणाचे कुडते, पर्स, उशांचे अभ्रे असं काही काही शहरांत खपू लागल्याने थोडा आधार मिळाला, असं दुकानदार सांगत होते. सोलापूर-पुण्याच्या व्यापाऱ्यांशी रोजचा संबंध असल्याने त्यांचं मराठी चांगलं होतं, फक्त कानडी हेल काढून.

सासूबाईंनी हिरवा खण लाल काठाचा निवडला. त्रिकोणी घडीचा तो खण सुनेच्या हातात ठेवला. तासाभरात आम्ही गाडीपाशी परत आलो. दुपारचे साडेबारा झाले होते आणि ऊन असं, की रस्त्यावरचा दगड हात लावू देईना.

आणि गाडी उघडेना.

साठ टक्के चार्ज, तरी गाडी मुकी

मुलाने रिमोट दाबला, पुन्हा दाबला. ना दिवा लागला, ना आवाज आला. सासूबाईंच्या इन्सुलिनची पिशवी आत होती. बंद गाडी उन्हात उभी राहिली की आत भट्टी होते, आणि इन्सुलिनला तापलेलं चालत नाही. जेवणाआधीचं इंजेक्शन घ्यायची वेळही होत आली होती.

गाडीच्या रिमोटच्या पोटात एक साधी लोखंडी किल्ली दडवलेली असते. सुनेला ते ठाऊक होतं. तिने रिमोटची कड दाबून किल्ली ओढून काढली, ड्रायव्हरच्या दाराच्या मुठीवरचं झाकण सरकवलं आणि दार उघडलं. पिशवी बाहेर आली. सगळ्यांचा अर्धा जीव तिथे भांड्यात पडला.

तोवर दुकानदार बाहेर आले होते. "अव्वांना उन्हात उभं करू नका," म्हणत त्यांनी शेजारच्या विणकराच्या घरी नेलं. "बर्री, कूडरी," म्हणत घरातल्या बाईंनी सोप्यावर चटई टाकली, माठातलं पाणी दिलं. इन्सुलिनची पिशवी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या सावलीला ठेवली. सासूबाईंना कानडी येत नाही, त्या बाईंना मराठी येत नाही. तरी पंधरा मिनिटांत दोघींच्या गप्पा रंगल्या होत्या.

इकडे गाडीत मुलगा बटण दाबत होता. समोरचा पडदा काळा. मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या मुलाने अगदी अदबीने विचारलं, "सर, गाडी चार्ज केली का?" साठ टक्के चार्ज होता, हे त्याला तीनदा सांगावं लागलं. शेवटी तो म्हणाला, हुबळीहून गाडी उचलून नेणारा ट्रक पाठवतो, पाच ते सहा तास लागतील.

ह्यांनी सुचवलं, ढकलून निदान सावलीत तरी घेऊ. पण गाडी ढकलताही येईना. अशा बऱ्याच गाड्यांत गियर आणि हँडब्रेक दोन्ही विजेवर चालतात. वीज नाही, तर गाडी न्यूट्रलला येत नाही आणि चाकंही सुटत नाहीत.

मोठीला उठवणारी धाकटी

एव्हाना सुनेने हातमोज्यांच्या कप्प्यातून गाडीची पुस्तिका काढली होती. ती शाळेत विज्ञान शिकवते. पुस्तिका वाचता वाचता तिने जे समजावून सांगितलं, ते प्रत्येक विजेच्या गाडीवाल्याने लक्षात ठेवावं असं आहे.

विजेच्या गाडीत बॅटऱ्या दोन. एक पायाखालची मोठी, तीनशेहून जास्त व्होल्टची, जी चाकं फिरवते. दुसरी बॉनेटखालची छोटी, बारा व्होल्टची, अगदी पेट्रोलच्या गाडीत असते तशीच. दिवे, दरवाज्यांची कुलुपं, समोरचा पडदा, गाडीचा संगणक हे सगळं या छोट्या बॅटरीवर चालतं.

गाडी बंद केली की सुरक्षेसाठी मोठी बॅटरी आपोआप तोडली जाते. पुन्हा सुरू करताना ती जोडायचं काम छोट्या बॅटरीच्या विजेवर होतं. म्हणजे धाकटी जागी असेल, तरच ती थोरलीला उठवणार. धाकटी निपचित पडली, तर थोरलीत शंभर टक्के वीज असूनही गाडी जागची हलत नाही. इतकंच नव्हे, बऱ्याच गाड्या अशा वेळी चार्जरला लावूनही उपयोग होत नाही. कारण चार्जरशी बोलणारा संगणकही झोपलेलाच असतो.

गाडी चालू असताना मोठी बॅटरी छोटीला भरत असते, त्यामुळे वाटेत काहीच जाणवत नाही. छोटी बॅटरी मात्र तीन-चार वर्षांत थकते, कडक उन्हाच्या मुलखात त्याआधीही. मग एके दिवशी गाडी बंद करून तासाभराने परत यावं, तर ती हाकेला ओ देत नाही. आमचं नेमकं हेच झालं होतं.

आणि यावरचा उपाय आपल्याकडे गावोगावी ठाऊक आहे. दुसऱ्या बारा व्होल्टच्या बॅटरीचा टेकू द्यायचा.

ट्रॅक्टरचा टेकू

दुकानदारांचा पुतण्या शेती करतो. त्याचा ट्रॅक्टर दहा मिनिटांत गल्लीत आला. जाड तारांची जोडी रिक्षा दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींनी आणली. बॉनेट उघडलं तेव्हा जमलेल्या मंडळींची निराशा झाली. "इंजिनच नाही हो!" एक आजोबा म्हणाले. त्यांना वाटलं, इंजिन चोरीला गेलं म्हणूनच गाडी बंद पडली.

आत जाडजूड नारिंगी केबल दिसत होत्या. सुनेने सगळ्यांना आधी मागे सरकवलं. नारिंगी केबल म्हणजे मोठ्या बॅटरीची वीज. तिला घरी, रस्त्यावर, कुणीही हात लावायचा नाही. ते काम प्रशिक्षित माणसाचं. आपला संबंध फक्त छोट्या बॅटरीशी.

मग पुस्तिकेत लिहिलं होतं तसंच, त्याच क्रमाने केलं. ट्रॅक्टर बंद. लाल तारेचं एक टोक आमच्या छोट्या बॅटरीच्या अधिक खुणेला, दुसरं ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या अधिक खुणेला. काळ्या तारेचं एक टोक ट्रॅक्टरच्या वजा खुणेला आणि शेवटचं टोक आमच्या गाडीच्या उघड्या धातूच्या भागाला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडू शकते, ती बॅटरीजवळ नको म्हणून.

मिस्त्री म्हणाले, "आता ट्रॅक्टर स्टार्ट करू? जोर लागेल." सून म्हणाली, "नको काका, यात इंजिन फिरवायचं नाहीये. फक्त जागं करायचंय, थोडी वीज पुरते."

मुलाने ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं. पडदा उजळला. 'रेडी' अशी हिरवी अक्षरं उमटली. गल्लीतल्या पोरांनी टाळ्या पिटल्या. आजोबा मात्र कान लावून उभे होते. "सुरू कुठे झाली? आवाज तर येत नाही." त्यांना गाडी दोन हात पुढे घेऊन दाखवावी लागली.

तारा काढल्या, उलट्या क्रमाने. हुबळीच्या ट्रकला फोन करून नको म्हणून सांगितलं. विणकराच्या घरच्या बाईंनी तोवर सासूबाईंना इंजेक्शन घ्यायला लावून ज्वारीची भाकरी, एण्णगाई म्हणजे भरली वांगी आणि दही वाढलं होतं. आम्हालाही बसवलं. एसी लावून गाडी दारात चालूच ठेवली, बंद करायची नाही म्हणून. मुलगा तिच्यापाशी बसून राहिला आणि तिथेच त्याला ताट पोहोचलं.

पैशांची गोष्ट काढल्यावर मिस्त्रींनी शंभर रुपये घेतले. ट्रॅक्टरवाल्याने काही घेतलं नाही, पण प्रश्न खूप विचारले. किती युनिट लागतात, युनिटला काय दर, चढावर ओढते का, पावसाच्या पाण्यात चालते का. दुकानदारांनी एक गठ्ठा मात्र गाडीत ठेवला. सोलापूरच्या एका व्यापाऱ्याचे खण द्यायचे होते. "परत जाताना तुमच्याच हाती देतो, तेवढं पोस्ट वाचलं," म्हणाले.

बदामीची रात्र आणि कोरडी माती

बदामी तिथून वीसेक किलोमीटर. संध्याकाळी देवीला जायचा बेत सोडला, कारण गाडी पुन्हा कुठे बंद करायची नव्हती. लॉजवर पोहोचल्यावर चार्जिंगसाठी पंधरा अँपियरचा सॉकेट मिळाला, जसा घरी एसीला असतो. त्यावर तासाला तीनेक युनिट भरतात, म्हणजे वीसेक किलोमीटरची सोय. रात्रभरात काम भागतं. पण चार्जर लावला, तर त्यावर लाल दिवा.

मालकांनी इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने तपासून सांगितलं, अर्थिंग नीट नाही. फ्रिज, टीव्ही अर्थिंगशिवायही चालून जातात. गाडीचा चार्जर मात्र अर्थिंग मिळाल्याखेरीज वीज घेत नाही, आणि ते आपल्या जिवाच्या रक्षणासाठीच असतं. जुगाड करून त्याला फसवणं धोक्याचं. इलेक्ट्रिशियनने मागच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा शोधला. खडकाळ जमीन, उन्हाळ्याने माती कोरडी ठणठणीत. सैल झालेली तार त्याने आवळली, खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं आणि थोड्या वेळाने मीटर लावून पाहिलं. मग चार्जरचा दिवा हिरवा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात नवी छोटी बॅटरी मिळाली. मापाची मिळाली ते महत्त्वाचं. साडेचार हजार रुपये आणि वीस मिनिटं.

देवीच्या दारात

चोळचगुड्डच्या वाटेवर नारळाच्या बागा लागतात. देवळासमोर हरिद्रा तीर्थ नावाचं चौरस दगडी तळं आहे, तीन बाजूंनी खांबांच्या ओवऱ्या. आजचं देऊळ १७५० मध्ये परशुराम आगळे या मराठा सरदाराने बांधवून घेतल्याचं सांगतात. आत काळ्या पाषाणाची, सिंहावर बसलेली अष्टभुजा देवी.

सुनेने ओटी भरली. हिरवा खण, नारळ, तांदूळ. सासूबाई काठी टेकून शेजारी उभ्या होत्या. ओटी झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "झालं हो माझं काम." बाहेर बुट्ट्या घेऊन बसलेल्या बायकांकडे ज्वारीची भाकरी, लाल चटणी, उसळ आणि दही मिळतं. तळ्याच्या काठी बसून ती खायची, हा तिथल्या दर्शनाचाच भाग. पौषात देवीची मोठी यात्रा भरते, तेव्हा मात्र गर्दी फार.

दुपार टळल्यावर बदामीची लेणी पाहिली. लाल कड्यात कोरलेली चार लेणी, खाली अगस्त्य तीर्थाचं हिरवं पाणी. पहिल्या लेण्यात अठरा हातांचा नटराज आहे, तिसऱ्यात ५७८ सालचा मंगलेशाचा शिलालेख. वातापी नावाच्या राक्षसाला अगस्त्य ऋषींनी पचवलं, ती गोष्ट याच गावची. चालुक्यांची राजधानी वातापी ती हीच. जवळच्या ऐहोळेला ६३४ सालचा शिलालेख आहे. दुसऱ्या पुलकेशीने हर्षवर्धनाला रोखल्याचं त्यात लिहिलं आहे, आणि तीन 'महाराष्ट्रकां'तल्या नव्व्याण्णव हजार गावांचं त्याचं राज्यही. पट्टदकलची देवळं १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. ही तिन्ही ठिकाणं मिळून दोन दिवस सहज जातात.

विजेची गाडी घेऊन निघणाऱ्यांसाठी

बदामीला जाण्याचा उत्तम काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी. सोलापूर-गदग रेल्वेमार्गावर बदामी स्टेशन आहे. राहायला कर्नाटक पर्यटन महामंडळाचं हॉटेल आणि खासगी लॉज आहेत.

विजेच्या गाडीने जाणार असाल, तर मोठ्या बॅटरीइतकंच छोटीकडेही लक्ष असू द्या. तिला तिसरं वर्ष लागलं की लांबच्या प्रवासाआधी तपासून घ्या. रिमोटमधली किल्ली कुठे आहे आणि बॉनेट कसं उघडतं, हे घरातल्या दोघांना तरी माहीत हवं. जाड तारांची जोडी किंवा हातात मावणारा बारा व्होल्टचा बूस्टर डिकीत ठेवा. टेकू देण्याची जागा आणि क्रम प्रत्येक गाडीत थोडा वेगळा असू शकतो, तेव्हा आपल्याच गाडीची पुस्तिका वाचा. आपल्या गाडीवरून दुसऱ्याला टेकू देण्याआधीही तीच पाहा, कारण बऱ्याच कंपन्या ते करू नका म्हणतात.

गाडी उचलून न्यायची वेळ आलीच, तर चारही चाकं वर घेणाऱ्या सपाट ट्रकचाच आग्रह धरा. चाकं जमिनीवर फिरली की मोटर वीज तयार करते आणि बिघाड वाढतो. बऱ्याच विजेच्या गाड्यांत जादा चाक नसतं, तेव्हा पंक्चर किट आहे ना, तेही बघून घ्या. साध्या पातळ वायरच्या एक्स्टेंशनवर चार्जिंग करू नका, वायर तापते. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३ आणि कुठेही जिवावरचं संकट आलं तर ११२ हे नंबर लक्षात ठेवा. आणि बरोबर वयस्कर माणूस असेल, तर औषधांची पिशवी गाडीत न ठेवता खांद्याला लावूनच उतरा.

ओटीचा खण मात्र गुळेदगुड्डलाच घ्या. दुकानदार मराठीत बोलतात, भाव वाजवी असतो, आणि माग पाहायला मिळतो तो वेगळाच.